शफरीचा काठ

तुळजापूर मागं पडलं आणि कॉलेजच्या सहलीच्या बसमध्ये हर्षाली मॅडम आपल्या सीटवर गुडघा टेकून मागं वळल्या. मागच्यांना ऐकू जावं म्हणून त्यांनी सीटच्या पाठीची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली, आणि त्यांची बोटं सिद्धारामच्या तोंडापुढं वीतभर अंतरावर आली. चार इकडं, चार तिकडं. बस खड्ड्यातून गेली की पेरं पांढरी पडायची, सरळ झाली की पुन्हा तांबूस व्हायची. मॅडम सांगत होत्या, आज आपण पाहणार ती बोट साधीसुधी नाही, आपल्याकडच्या तलावांतल्या माशांचा पहिला शास्त्रशुद्ध अभ्यास तिच्यावरून झाला, चाळीस वर्षं होतील आता. सिद्धारामला शब्द ऐकू येत होते, पण नजर बोटांवरून हलत नव्हती. पांढरी, तांबूस, पांढरी. त्याच्या उजव्या हाताची मूठ मांडीवर आपोआप आवळली गेली.

"हात काढा," तो म्हणाला.

"काय झालं मामा?"

"हात काढा म्हणतो ना तिथनं!"

आवाज एवढा मोठा निघाला की ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. मॅडमनी चटका बसल्यासारखे हात मागं घेतले. शेवटच्या सीटवरून खेळाचे रणधीर सर ओरडले, "मामा तापले! जरा वारा घाला मामांना." सगळी बस हसली. गायत्रीनं नवऱ्याकडं न बघता पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि खालच्या आवाजात, घरातल्या कन्नडात म्हणाली, "सुम्न कूडरी." गप बसा. त्यानं झाकण उघडलं आणि पाणी न पिताच पुन्हा लावलं, ते तिनं पाहिलं.

सिद्धाराम बिराजदार मूळचा उमरग्याकडचा. धाराशिवच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत छत्तीस वर्षं काढून गेल्या वर्षी निवृत्त झाला. प्रयोगशाळेतल्या माणसाला तिथं सगळे मामाच म्हणतात, वयानं मोठे प्राध्यापकसुद्धा. बेडूक फाडायचे दिवस होते तेव्हा रोज सकाळी पंचवीस-तीस बेडूक तो तयार करून ठेवायचा. डाव्या मुठीत बेडूक धरायचा, तर्जनीनं डोकं खाली दाबायचं, कवटीमागची खाच चाचपायची आणि सुई आत घालून एकदा गोल फिरवायची. पाय ताठ व्हायचे, मग सैल पडायचे. मामांचा हात हलका आहे, प्राध्यापक म्हणायचे, जनावराला कळतसुद्धा नाही. घरी त्यानं कधी कुणावर हात उगारला नाही. मुलगी अर्पिता बारावीत असताना दोन दिवस घर सोडून गेली होती. परत आली तेव्हा सगळं घर तिच्यावर तुटून पडलं आणि हा दारात उभा राहून दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून नुसता बघत राहिला. शेजारणी गायत्रीला म्हणायच्या, तुमचे मालक म्हणजे गरीब गाय. गायत्री हसायची. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तिला माहीत होतं, की झोपेत ह्या माणसाचा उजवा हात वर उचलला जातो आणि गादीवर आपटतो, एका तालात पाच-सहा वेळा, जरा थांबून आणखी दोनदा, आणि मग तो कण्हतो. तिनं कधी विचारलं नाही. ती भिंतीकडं सरकून झोपायची.

सहलीला यायचं त्याच्या मनात नव्हतं. कॉलेजच्या ग्रुपवर मॅडमनी बोटीचा फोटो टाकला तेव्हा तो स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसला होता. फोटो उघडला आणि त्याला बोटीच्या आधी डिझेलचा वास आला. नवा निळा-पांढरा रंग, कपाळावर झेंडूची माळ, बाजूला ठळक अक्षरात नाव: शफरी. हे नाव साहेबांनी, बोटीवरून माशांचा अभ्यास करणाऱ्या त्याच्या जुन्या साहेबांनी ठेवलं होतं, शफरी म्हणजे छोटी मासोळी. ते त्यानंच पहिल्यांदा ब्रशनं रंगवलं होतं, फ जरा वाकडा आला म्हणून शिवी खाल्ली होती. त्यानं फोन पालथा ठेवला. पण तोवर गायत्रीनं दोघांची नावं कळवून टाकली होती. "आयुष्यात कुठं नेलं तुम्ही मला?" ती म्हणाली. "आणि तुम्ही तर तलावावर रोजंदारीला होता ना लग्नाआधी? तोच का हा?" तो म्हणाला, "दुसरा." एवढ्या वर्षांच्या संसारात हे पहिलं साफ खोटं. आता ती खिडकीशी बसली होती, केसात अबोलीचा गजरा, मांडीवर धपाट्यांचा डबा, आणि तामलवाडीच्या अलीकडच्या द्राक्षबागा एक एक करून मागं टाकत बस त्याला तिकडंच घेऊन निघाली होती.

हमरस्ता सोडून आत चार-पाच किलोमीटर कच्चा रस्ता. कासारदऱ्याचं तळं अचानक समोर आलं, माघातल्या उन्हात पत्र्यासारखं चमकत. काठापासून पन्नास पावलांवर दगडी ओट्यावर शफरी उभी केलेली. पाण्याबाहेर बोट केवढी मोठी दिसते, त्याला वाटलं. पोटासकट सगळी दिसते. ओट्यासकट पुरुष-दीड पुरुष उंच, वर चढायला लोखंडी शिडी. आता बोट म्हणजे एक स्मारक झालं होतं, पाटी होती, फोटो होते, आणि राखायला एक म्हातारा होता. डोक्याला टॉवेल, अंगात मत्स्यखात्याचा खाकी शर्ट, खाली धोतर. मॅडमनी त्याची ओळख करून दिली, हे गोरोबा, हेच सगळं दाखवतात. म्हाताऱ्यानं नमस्कारासाठी हात जोडले.

डाव्या हाताला फक्त अंगठा आणि करंगळी होती. मधली तीन बोटं मुळापासून नव्हती. तिथली कातडी चकचकीत, ओढून शिवल्यासारखी. उजव्या हाताची बोटं होती, पण दोन पेरात वाकून तशीच राहिलेली, कशाला तरी धरून ठेवल्यासारखी.

"हाताला काय झालं बाबा?" कुणीतरी विचारलंच.

"जिलेटिन," म्हातारा म्हणाला. "हिरी पाडायची जिलेटिन. पूर्वी लोक तळ्यात टाकायची, मासं उताणं व्हून वर यायची."

"म्हणजे तुम्ही चोर होता की!" रणधीर सर म्हणाले आणि सगळे हसले. म्हाताराही हसला, रोज हेच वाक्य ऐकत असल्यासारखा. हसताना त्यानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं, सिद्धारामकडंही पाहिलं, आणि नजर पुढं गेली. सिद्धाराम शिडीला टेकला. लोखंड तापलेलं होतं. त्याला वाटलं, जिलेटिनच असेल. का नसेल? तळ्याकाठच्या गावांत जिलेटिननं हात गेलेली किती माणसं होती त्या काळी. हाही त्यातलाच एक. त्यानं स्वतःला हे तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगताना त्याला कळलं, की आपण खाली मान घालून त्या उरलेल्या बोटांचा पंजा मनातल्या मनात बोटीच्या काठावर ठेवून बघतोय. बसत होता. बरोबर बसत होता.

मंडळी पाट्या वाचत फिरली, मग कडुनिंबाखाली सतरंज्या टाकून जेवायची तयारी करायला लागली. सिद्धाराम एकटाच शिडी चढून वर गेला. का गेला, हे त्याला सांगता आलं नसतं. वरचं लाकूड नव्या रंगाखाली जुनंच होतं, पावलांना ओळखीचं. मागच्या बाजूला जाळं ओढायचा रहाट तसाच; त्याचं लोखंडी हँडल आता साखळीनं बांधून ठेवलेलं. त्यानं ते धरलं नाही. नुसतं पाहिलं तरी तळहाताला त्याचं वजन आलं. अठ्ठ्याऐंशी साल, वैशाखातली दुपार, पाणी आटून तळं निम्म्यावर आलेलं. बोटीवर दोघंच, साहेब आणि तो. साहेबांनी तीन वर्षं माशांच्या परांना नंबराच्या बारीक पट्ट्या अडकवून सोडल्या होत्या, कोणता मासा किती वाढतो, कुठं जातो हे सगळं ते रोज टिपून ठेवत; आणि त्या उन्हाळ्यात दर आठवड्याला कुणीतरी तळ्यात जिलेटिन टाकत होतं. सकाळी पाण्यावर पांढऱ्या पोटांचा थर दिसायचा आणि साहेब त्या मेलेल्या माशांतून आपले नंबर शोधत बसायचे, एकदा तर लहान पोरासारखे रडले. "एकदा सापडू दे सिद्धाराम," ते म्हणाले होते, "मी त्याला पोलिसात देणार नाही." सिद्धाराम तेव्हा बावीस वर्षांचा. साहेब त्याला देव वाटायचे. उमरग्याच्या मोंढ्यात पोती उचलणाऱ्या रेवणप्पाच्या ह्या पोराला हाताला धरून त्यांनी माशाचं काळीज कुठं असतं ते दाखवलं होतं, इंग्रजी नावं पाठ करून घेतली होती.

त्या दुपारी पलीकडच्या कडेला एक काहील तरंगताना दिसली. गूळ आटवायची जुनी, रुंद लोखंडी कढई, तिच्यात एक माणूस उकिडवा बसलेला. साहेबांनी बोट सरळ त्याच्यावर घातली. तो माणूस हात हलवत होता, थांबा म्हणत होता की काय कोण जाणे. इंजिनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. काहीलीला धक्का बसला आणि घागर बुडावी तशी ती डबडब करून पाण्याखाली गेली. माणूस एकदा खाली जाऊन वर आला आणि त्यानं दोन्ही हातांनी शफरीचा काठ धरला. आठ बोटं. काळी, ओली, नखांत माती. साहेब ओरडले, "हाण!" रहाटाचं हँडल सिद्धारामच्या हातात कधी आलं ते त्याला कधीच आठवलं नाही. पहिला घाव लाकडावर बसला. दुसरा बोटांवर. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि त्याच्या पोटात काहीतरी गरम सुटलं, भीती नव्हे, राग नव्हे, जेवण उतरावं तसं काहीतरी. सदतीस वर्षं त्यानं ही गोष्ट स्वतःला एकाच तऱ्हेनं सांगितली होती: साहेबांनी हाण म्हटलं आणि मी हाणलं. आज, त्याच लाकडावर उभा राहिल्यावर, त्याला पुढचंही ऐकू आलं. साहेब एकदाच हाण म्हणाले होते. नंतर ते म्हणत होते, पुरे. पुरे झालं. सिद्धाराम, अरे पुरे! इंजिन सोडून ते त्याचा दंड ओढत होते, आणि तो मारत होता, कारण तो माणूस काठ सोडत नव्हता. सोडत कसा नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मग एक हात सुटला. माणसानं तो मोडका हात वर केला, पंजा उघडा, नको नको म्हणावं तसा. आणि सिद्धारामनं उरलेल्या हातावर आणखी दोनदा मारलं. मग पाण्यावर कुणी नव्हतं. एक गळ तरंगत होता आणि फडक्यात बांधलेली भाकरी. जिलेटिन नव्हतं. साहेबांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "येईल पोहत," ते म्हणाले आणि बोट वळवली. दोघांनी मागं पाहिलं नाही. महिन्याभरात साहेबांनी धाराशिवच्या कॉलेजला चिठ्ठी दिली आणि सिद्धाराम प्रयोगशाळेत रुजू झाला. पुढं साहेब गेल्याचं त्यानं पेपरात वाचलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला होता, हेही त्याला आता आठवलं.

शिडी वाजली. रणधीर सर वर आले, मागोमाग दमत दमत गोरोबा. "मामा, तुम्ही आधीच जागा धरली का?" रणधीर म्हणाले आणि फोन काढून केबिनच्या छतावर चढायला लागले. चाळिशीचा भक्कम माणूस, कॉलेजच्या मैदानावर पोरांना शिट्टीच्या दोरीनं फटके द्यायचा. छत करकरलं.

"सर, उतरा," गोरोबा म्हणाला. "वरचं लाकूड कुजलंय. रंग तेवढा नवा हाय."

"एक फोटो काढतो."

"पडचाल सर. माझ्यावर यील." म्हाताऱ्यानं खालून त्यांची पोटरी धरली, त्या दोन बोटांच्या हातानं.

रणधीर सरांनी पाय झटकला आणि खाली उडी मारली. "पायाला हात लावतो?" ते म्हणाले आणि म्हाताऱ्याच्या कानशिलात मारली. टॉवेल सुटून खाली पडला. म्हातारा टॉवेल उचलायला वाकला. तेवढ्यात दुसरी बसली, मानेवर. "चोरी करून बोटं गेली तरी माज जात नाही. उरलेलीपण घालवू का?"

म्हातारा वाकलेलाच राहिला. दोन्ही पंजे त्यानं छातीशी घेतले, पोटाखाली दडवले, आणि ते दडवणं बघून सिद्धारामच्या आत काहीतरी फुटलं. तो धावला असं त्याला वाटलं. खरं तर दोनच पावलं होती. त्यानं दोन्ही हातांनी रणधीरच्या छातीवर धडक दिली. त्या बाजूचा कठडा मोडलेला, तिथं नुसती दोरी बांधलेली होती. रणधीर दोरीवरून मागं गेला, हात हवेत फिरले, आणि जाता जाता त्यानं काठ पकडला. तो लोंबकळत होता. खाली ओट्याचे दगड. "मामा," तो म्हणाला, आवाज एकदम पोराचा झाला होता, "मामा, हात द्या."

आठ बोटं. गोरी, जाड, एकात अंगठी. सिद्धारामनं टाच उचलली आणि त्यांच्यावर आणली. लाकडी तळाची चप्पल नव्हती, साधी चामड्याची होती, पण माणूस साठीला टेकला तरी त्याचं सगळं वजन टाचेत येतं. रणधीर ओरडला. सिद्धारामनं पुन्हा टाच उचलली. म्हाताऱ्यासाठी, तो मनात म्हणत होता, ह्या गरीब म्हाताऱ्यासाठी. तिसऱ्यांदा टाच आली तेव्हा तो काहीच म्हणत नव्हता. पोटात ते गरम सुटलं होतं, ओळखीचं, इतक्या वर्षांत एक थेंबही न आटलेलं. आणि तोंडात रक्ताची चव होती. शिडीच्या टोकाशी गायत्रीचं डोकं दिसलं, जेवायला बोलवायला आली होती ती, आणि ती जागच्या जागी थिजली. त्यानं तिला पाहिलं आणि तरीही चौथ्यांदा पाय उचलला.

मागून दोन हात त्याच्या कमरेला पडले. एका हाताची बोटं आकड्यासारखी पट्ट्यात रुतली, दुसऱ्याचा अंगठा बरगडीत. म्हाताऱ्याची ताकद केवढी होती. "सोडा," गोरोबा त्याच्या कानाशी म्हणाला, न ओरडता. "आसंच मारलं हुतं तुमी मला. आता बास करा."

त्याच क्षणी रणधीरची बोटं सुटली. खाली दगडावर पोतं पडल्यासारखा आवाज झाला, आणि मग कडुनिंबाखालून माणसं धावत सुटली.

पाय मोडला होता, उजव्या हाताची तीन बोटं चेंदली होती, डोकं वाचलं होतं. तामलवाडीहून गाडी येईपर्यंत रणधीर सर ओट्याला टेकून शिव्या देत होते आणि मधेच रडत होते. "जीव घ्यायला निघाला होता हा! पोलिसाला बोलवा!" गाडी त्यांना घेऊन सोलापूरला गेली. धपाटी उघडीच राहिली, त्यांवर मुंग्या आल्या. कुणी सिद्धारामजवळ आलं नाही. तो बोटीच्या सावलीत बसला होता, त्याच्यापासून हातभर अंतरावर गोरोबा. गायत्री समोर उभी होती, पदर दोन्ही मुठींत धरून. तिला जायला कुणी सांगितलं नाही आणि ती गेलीही नाही.

"तुम्ही सकाळीच ओळखलं?" सिद्धारामनं विचारलं.

"न्हाय. कसं वळखणार? केस गेलं, प्वाट आलं तुमचं." गोरोबानं टॉवेल पुन्हा डोक्याला गुंडाळला, वाकड्या बोटांनी गुंडाळायला वेळ लागत होता. "त्याला मारताना वळखलं. जीभ आशी दातात धरली हुती तुमी. तवाबी तशीच धरली हुती. बाकी काय न्हाय ध्यानात माझ्या, तुमची जीभ तेवढी हाय."

सिद्धारामनं ओठ पुसले. हाताला रक्त लागलं.

"पोहत आलात?"

"हातच न्हाईत तर पव्हणार कसं? म्हसरं पाण्यात हुती. एकीच्या शेपटाला दातानं धरलं." तो तळ्याकडं बघत होता. "सोलापूरला बोटं काढली. तुमच्या साहेबानं आधीच कळवलं हुतं की जिलेटिन उडालं म्हनून. माझ्यावरच केस झाली. गावानं तेच धरलं. पुढं म्याबी तेच सांगाय लागलो. बरं पडतंय. बोटीवरच्या मान्सानं मारलं म्हनलं की लोक इचारत्यात, तू काय केलं हुतं? काय केलं हुतं म्या? गळ टाकला हुता."

"आणि ही बोट राखायला..."

"हितं आणून ठिवली तवा मानूस पायजे हुता. म्या म्हनलं, म्या राखतो. म्हनलं, दोघांतला एक कवातरी यील. आल्यावर काय करायचं ते लई वर्सं ध्यानात हुतं. आता इसरलो."

दुपार कलली तेव्हा पोलिसांची जीप आली. हवालदार कल्याणप्पा उतरले, घाम पुसत, वैतागलेले. हर्षाली मॅडम पुढं झाल्या. त्यांनी ठरवून ठेवलं होतं, आणि बाकीच्यांनी माना डोलावून ते पक्कं केलं होतं: वर थोडी बाचाबाची झाली, दोरी कच्ची होती, सरांचा पाय घसरला. मामांच्या वयाचा माणूस काय करणार? हवालदारसाहेब, कॉलेजचं नाव आहे. बोलताना त्या सिद्धारामकडं बघत होत्या, हो म्हणा, एवढंच म्हणा, अशा डोळ्यांनी. हवालदारांनी कागद मांडीवर घेतला.

"पाय घसरला का हो?"

"नाही," सिद्धाराम म्हणाला. "मी ढकललं. तो काठाला धरून लोंबकळत होता तेव्हा मी बोटांवर पाय दिला. तीनदा. चौथ्यांदा देणार होतो, ह्यांनी ओढलं." आपला आवाज इतका सरळ येतोय ह्याचं त्याला नवल वाटलं. छातीवरचं काहीतरी उचललं जात होतं, आणखी जोर लावला तर पुरतं उचललं जाईल असं वाटून तो घाईनं म्हणाला, "आणि अजून एक लिहा. अठ्ठ्याऐंशी सालचं. ह्याच बोटीवर. ह्यांची बोटं जिलेटिननं गेली नाहीत, ती मी..."

"ते लिहू नका, हवालदार," गोरोबा म्हणाला.

सिद्धाराम त्याच्याकडं वळला. "पण मी कबूल करतोय. सगळ्यांसमोर सांगतोय."

"तुमी सांगताय तुमच्यासाठी. एवढ्या वर्सांत आठवण झाली न्हाय, आन् आज कागूद बघून सांगाय निघाला." म्हातारा उठला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. "तुमाला हलकं वाटावं म्हनून म्या देणार न्हाय. त्या सरांचं लिहा. माझं माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

हवालदार एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी आधीचं लिहिलं तेवढ्याखाली रेघ ओढली आणि सिद्धारामला सही करायला सांगितली. त्यानं सही केली. छातीवरचं ते पुन्हा जागच्या जागी येऊन बसलं होतं, आधीपेक्षा जड, आणि आता त्याला नाव होतं, गाव होतं, खाकी शर्ट होता.

त्याला जीपमध्ये मागं बसवलं. मॅडम बसकडं निघून गेल्या, मंडळी सतरंज्या झटकू लागली. गायत्री जीपपाशी आली. ती आता आत चढेल, शेजारी बसेल, असं वाटून तो सरकला. तिनं पर्समधून रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढली आणि जाळीतून आत दिली. "जेवल्यावर एक," ती म्हणाली, मराठीत, परक्या माणसाला सांगावं तशी. मग हलक्या आवाजात तिनं विचारलं, "त्यानं हात सोडला होता, तरी मारलं?"

हे तिला कसं कळलं, हे त्यानं विचारलं नाही. तिनं आज वर येऊन त्याचा उचललेला पाय पाहिला होता. आणि त्याआधी किती रात्री त्याचा हात गादीवर आपटताना मोजला होता, शेवटच्या दोन फटक्यांच्या आधी तो जरा थांबतो हे तिला ठाऊक होतं.

"हो," तो म्हणाला. "एक हात सोडला होता. तरी मारलं."

गायत्रीनं मान हलवली. ती वळली आणि बसकडं न जाता म्हाताऱ्याकडं गेली. त्याच्याजवळ खाली, मातीत बसली, जरीची साडी तशीच. काहीतरी बोलली. इथून ऐकू येत नव्हतं. गोरोबानं नाही म्हणून मान हलवली. ती पुन्हा काही बोलली आणि आपले दोन्ही तळहात उघडे करून पुढं धरले, आणि तसेच धरून ठेवले. बराच वेळ म्हातारा तळ्याकडं बघत राहिला. मग त्यानं पोटाशी धरलेला डावा हात पुढं केला आणि तिच्या हातांत ठेवला. ती वाकून बघत होती. एकेका गेलेल्या बोटाच्या जागेवरून तिचं बोट फिरत होतं, सावकाश, आंधळं माणूस चाचपतं तसं, आणि तिची पाठ हलत होती. ड्रायव्हर किल्ली फिरवत होता. जीप घरघरत होती, थांबत होती, पुन्हा घरघरत होती. सुरू होत नव्हती. सिद्धारामनं मान फिरवायचा प्रयत्न केला. जाळीपुढं दुसरं बघायला काहीच नव्हतं.